देव्हाऱ्यातली पिन

“पावणं, ह्या हातातनं आजवर भाताचं शीत सांडलं न्हाय, आन् तुमी बकेटचं इचारताय?”

शिवपुत्र पोकलेनच्या केबिनमधनं अर्धा बाहेर लोंबकळत बोलत होता. खाली शिरोली एमआयडीसीच्या रस्त्यानं जाणारा एक अनोळखी पावणा सायकल लावून उभा होता. माती उपसणारं हे मशीन कुठल्याही कंपनीचं असो, कोल्हापुरात त्याला पोकलेनच म्हणतात, आणि ते चालताना दिसलं की धावत्या सायकली आपोआप थांबतात. पावण्यानं बिचाऱ्यानं एवढंच विचारलं होतं, की ही पुढची बकेट म्हणे काढता येते, तिच्या जागी दगड फोडायचा ब्रेकर बसवता येतो, मग ती मधेच निसटत कशी नाही?

“निसटंल की! दुसऱ्याची निसटंल,” शिवपुत्र म्हणाला. “शिवपुत्राची बकेट म्हंजे कशी...”

उपमा शोधायला त्यानं वर बघितलं. वर भाद्रपदातले ढग होते, नुकतेच पिंजून ठेवल्यासारखे. त्यातला एक ढग हुबेहूब हत्तीसारखा चालला होता. त्याच्याकडे बघता बघता शिवपुत्राला उपमेचा विसर पडला, पावण्याचा पडला, आपला हात दांड्यावर आहे याचाही पडला. मशीनचा लांब हात हत्तीच्या सोंडेसारखा संथ वर गेला, डावीकडे वळला, आणि बकेट निसटली.

खाली सयाजीरावांची खुर्ची होती.

सयाजीराव म्हणजे मशीनचे मालक. शाहूपुरीत ऑफिस, ओठावर झुपकेदार मिशी, आणि साईटवर बसायला घरची वेताची खुर्ची, जी त्यांच्या मागनं टेम्पोतनं यायची. त्या घटकेला ते खुर्चीत नव्हते ते केवळ मोबाईलला रेंज मिळेना म्हणून. “हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?” करत ते रेंज हुडकत लिंबाच्या झाडापर्यंत गेले होते. मागं वळून बघतात तर त्यांच्या खुर्चीत बकेट बसलेली. क्षणभर ती अशी ऐटीत बसली होती, की आता हीच चहा मागवणार. मग वेत कुरकुरला, आणि खुर्चीनं चारी पाय चार दिशांना पसरले.

पावण्यानं सायकलवर टांग मारली.

“बरोबर हाय तुमचं,” जाता जाता तो म्हणाला, “शीत न्हाय सांडलं.”

सयाजीराव मात्र तिथंच होते. त्यांचा आवाज रेंजशिवाय लांब जायचा.

“पिराऽऽजी! पिन कुटं हाय?”

पिराजी हा मशीनचा हेल्पर. वयानं सगळ्यांत थोरला, कामानं सगळ्यांत निवांत. तो मशीनमागच्या सावलीत मांडी घालून गुळाची ढेप फोडत होता. पिनेनं.

आता ही पिन काय, ते सांगायला पाहिजे. पोकलेनच्या हाताच्या टोकाला एक लोखंडी जबडा असतो. केबिनमधलं बटण दाबलं, की जबडा मिटतो आणि बकेटच्या दांडीला घट्ट धरतो. पण जबडा तो जबडाच. आतल्या तेलाचा जोर कमी झाला, की तोंड उघडतो. म्हणून जबड्याच्या मागं एक भोक ठेवलेलं असतं, आणि त्यात वीतभर लांब, मनगटाएवढी जाड पोलादी पिन माणसानं हातानं घालायची असते. पिन आत असली, की जबड्यानं कितीही मनात आणलं तरी त्याला तोंड उघडता येत नाही.

“पिन हितं हाय की, मालक,” पिराजीनं गुळानं चिकट झालेली पिन वर धरून दाखवली.

“ती तितं का न्हाय?”

“मला वाटलं, ही जादाची हाय. बकेट पडली तर लागंल म्हणून दिल्या कंपनीनं.”

सयाजीरावांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते शिवपुत्राकडे वळलेले होते.

“शिवपुत्र, तो खुळा हाय. पण घातली का न्हाय ते खाली उतरून बघायचं काम तुझं हुतं. आता कान देऊन ऐक. एक डाव पडली. आजून एक डाव बकेट पडली, तर तू हितनं उतरायचं आन् रोलरवर बसायचं. मरूस्तवर.”

शिवपुत्राच्या सीटखालीच जणू खड्डा पडला, आणि तो कुठल्याही पोकलेननं काढलेल्या खड्ड्यापेक्षा खोल होता.

रोलर काय असतो, ते त्याला ठाऊक होतं. सगळी तरणी वर्षं त्यानं रोलरवर काढली होती. डांबराच्या वासात, त्याच रस्त्यावर पुढं जायचं आणि त्याच रस्त्यावर मागं यायचं. शेजारनं मेंढरं पुढं निघून जायची. रोलरवर बसून माणूस कुठं पोचत नाही. जिथं असतो तिथंच जरा सपाट होतो. आणि पोकलेन? लाल रेक्झिनच्या सीटवर बसलं, काच लावली, की बाहेरचं जग पाण्याखाली गेल्यागत गप्प व्हायचं. इंजिन पोटातनं गुणगुणायचं. शिवपुत्राला वाटायचं, हा एवढा लांब हात आपलाच आहे. मनात आणलं तर जोतिबाचा डोंगर चिमटीत धरून थोडा अलीकडे सरकवावा. गुऱ्हाळावरचा धूर मुठीत घ्यावा आणि घरी नेऊन बायकोच्या पदरात टाकावा. पंचगंगेचं वळण जरा जास्तच वाकडं आहे, ते हलक्या हातानं नीट करावं. कामं तशी बरीच होती. सीट राहिली पाहिजे एवढंच.

मशीन बनवणाऱ्या कंपनीनं मग शिकवायला एक बाई पाठवल्या. पूर्णिमा मॅडम. वयानं पोरीसारख्या, डोक्यावर पिवळं हेल्मेट, आणि आवाजात मास्तरीण. त्यांनी पहिल्यांदा पिराजीच्या हातातनं पिन घेतली, वास घेतला आणि विचारलं, “गूळ?”

“शेंद्रिय हाय,” पिराजी म्हणाला.

“काका, ही पिन गुळात नाही, भोकात असते.” मग त्या शिवपुत्राकडे वळल्या. “मामा, तुम्ही इकडं या. बटण दाबलं आणि जबडा मिटला, म्हणजे काम झालं असं समजायचं नाही. इंजिन बंद करायचं, खाली उतरायचं, स्वतःच्या डोळ्यानं बघायचं. मग ग्रीस लावून पिन घालायची, पिनेला क्लिप लावायची. मग परत वर चढायचं, आणि उचलायच्या आधी बकेट जमिनीला टेकवायची, दाबायची, मागं ओढायची. सुटायची असली तर जमिनीवरच सुटू दे. आणि हे चाललेलं असताना सगळी माणसं लांब. किती लांब?”

“मालकांच्या खुर्चीपेक्षा लांब,” पिराजी म्हणाला.

“आणि काम थांबलं, की हा डावीकडचा लाल दांडा खाली करायचा. हा खाली केला, की चुकून हात लागला तरी मशीन हलत नाही. आधी लाल दांडा, मग आराम. म्हणा.”

“आदी लाल दांडा, मग आराम,” शिवपुत्र म्हणाला. त्याला ‘आराम’ तेवढं नीट लक्षात राहिलं.

जाताना मॅडम सयाजीरावांना म्हणाल्या, “दसऱ्याला तुमच्या नव्या शेडचा मुहूर्त आहे ना? मी येते. माझ्यासमोर त्यांनी बकेट नीट जोडून पहिली माती उचलली, तर मशीन त्यांच्याकडे ठेवा. नाही, तर नाही.”

“म्हंजे रोलर,” सयाजीराव म्हणाले. त्यांना स्पष्ट बोलायला आवडायचं.

त्या दिवसापास्नं शिवपुत्राचं सगळं ध्यान पिनेवर लागलं. साईटवर भंगारवाल्यांचा डोळा असतो, म्हणून संध्याकाळी तो पिन काढून, फडक्यात गुंडाळून, एस.टी.तनं कुरुंदवाडला घरी न्यायला लागला. एस.टी.त खिडकीशी बसायचा, पिन मांडीवर. बाहेर ऊस डुलायचा, आत शिवपुत्र डुलायचा, आणि पिनेचा गारवा धोतरातनं मांडीला लागत राहायचा.

पहिल्या दिवशी बायकोनं, शांतव्वानं, फडकं सोडून बघितलं.

“अय्यो! ह्ये काय आणलाय? मुसळाचं पिल्लू?”

“हळू बोल. ह्येच्यावर आपली भाकरी हाय. ही हाय तर मी पोकलेनवर. ही न्हाय तर रोलर.”

शांतव्वा बेळगावकडची. देवाधर्माच्या बाबतीत ती अर्धवट काम करत नसे. ज्याच्यावर भाकरी आहे ती वस्तू फडताळात तेलाच्या बुधल्याशेजारी ठेवायची, हे तिच्या मनाला पटलं नाही. तिनं पिन चिंचेनं घासली, लख्ख केली, तिच्यावर तीन बोटांनी भस्माचे तीन पट्टे ओढले आणि देव्हाऱ्यात उभी केली. तिथं ती इतकी शोभून दिसली, की शिवपुत्रानंही नकळत हात जोडले. मग रोजचंच झालं. सकाळी पिनेला खडीसाखर दाखवायची आणि नवऱ्याच्या हातात द्यायची. दिवसभर पिन ग्रीसमध्ये. रात्री पुन्हा चिंच. “सोन्यासारख्या देवाला कसलं काळं फासून आणताय!” एवढं एक बोलणं रोज खायचं.

बकेट महिनाभर पडली नाही. सगळं कसं स्वप्नातल्यागत गोड चाललं होतं.

मग नवरात्र आलं. खंडेनवमीला हत्यारं पुजायची असतात. शेतकरी खुरपं पुजतो, न्हावी वस्तरा पुजतो, फौंड्रीवाले भट्टीला हार घालतात. आदल्या संध्याकाळी काम बंद झालं तेव्हा पिराजी स्पॅनर घेऊन केबिनमध्ये शिरला आणि सीटच्या आसपास खुडबुड करायला लागला.

“शिवपुत्र, पिन तुमच्या घरी पुजणार. मग मशीनचं म्हणून माझ्या घरी काय? मी बी हेल्पर हाय न्हवं?”

“तर, तर.”

“चार नट न्हेतो. बारकं हायेत. दसऱ्याला आणून लावतो.”

शिवपुत्र त्या वेळी आभाळाकडे बघत होता. बगळ्यांची एक माळ शिरोलीवरनं पंचगंगेकडे चालली होती, आणि त्यातला शेवटचा बगळा बाकीच्यांना जोडलेला आहे की सुटा, ते त्याला कळेना.

“न्हे की,” तो म्हणाला.

नवमीला शांतव्वानं पाट मांडला. विळी, कात्री, खुरपं, अडकित्ता, आणि मधोमध पिन. पिनेला झेंडूचा हार, भोवती पाच ऊस उभे केलेले. पुरणपोळी झाली. शिवपुत्र दारापुढच्या सोप्यात आडवा झाला. दुपारीच उगवलेला नवमीचा चंद्र समोरच्या कौलांवर फिका, अर्धवट टांगलेला होता. एवढा मोठा चंद्र, आणि त्याला मागनं पिन कुणी घातली असेल, असा विचार करता करता त्याला डोळा लागला.

स्वप्नात साऱ्या कोल्हापुरानं आपापल्या पिना काढून पूजेला नेल्या होत्या. त्यामुळं कशालाच काही जोडलेलं नव्हतं. शाहूपुरीतल्या दुकानांची शटरं पतंगासारखी वर चालली होती. फौंड्रीची चिमणी जागेवर, पण धूर तिच्यापासनं सुटून शेजारी स्वतंत्र उभा होता. सयाजीरावांची मिशी ओठावरनं निसटली आणि फुलपाखरासारखी उडत लिंबावर जाऊन बसली. सयाजीराव खाली उभे राहून तिला मायेनं बोलावत होते, “ये, ये, हॅलो, ऐकू येतंय का?” कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. शिवपुत्रानं मिशी काढून द्यायला हात उचलला, तर हातच खांद्यातनं हळूच सुटला, आणि पिसासारखा तरंगत, तरंगत खाली उतरला. खाली पूर्णिमा मॅडम उभ्या होत्या.

“टेकवून बघितलं होतं का, मामा?” त्यांनी विचारलं.

तो दचकून उठला. हात जागेवर होता. ओढून बघितला. घट्ट होता.

दसऱ्याच्या सकाळी तो अंघोळ करून पिन घ्यायला गेला, तर देव्हाऱ्यापुढं शांतव्वा उभी.

“हात लावायचा न्हाय.”

“अगं, दोनला मुहूर्त हाय!”

“पूजेला बसवलेलं हत्यार दसरा झाल्याबिगार उठवत न्हाईत. सांजचं सोनं लुटून या, मग उत्तरपूजा, मग न्ह्या.”

“सांजच्याला मी रोलरवर आसंन, शांते!”

“मॅडमला सांजचं बोलवा.”

शिवपुत्र खालीच बसला. त्याचा चेहरा बघून शांतव्वाला गलबललं, पण देवाचं ते देवाचं. तिनं एकदा पिनेकडं, एकदा परातीकडं बघितलं.

“एकटी पिन हलायची न्हाय,” ती म्हणाली. “पण पूजा हाय तशी उचलून न्हेली तर मोडत न्हाय. मी येतो संगट.”

आणि ती आली. परातीत तांदूळ, तांदळावर पिन, पिनेला हार, बाजूला जळती समई, अशी परात मांडीवर घेऊन शांतव्वा एस.टी.च्या पुढच्या सीटवर बसली. कंडक्टरनं चप्पल काढून ठेवली. इचलकरंजीला चढलेल्या एका म्हातारीनं वाकून नमस्कार केला.

“कुठला देव म्हणायचा, बाई?”

“पोकलेनचा,” शांतव्वा म्हणाली.

“जागृत हाय?”

“महिना झाला, पडू दिली न्हाय.”

म्हातारीनं आपल्या अंबाड्यातलं फूल काढून पिनेला वाहिलं. उतरेपर्यंत परातीत केळी, विड्याची पानं आणि कुणाच्या तरी नवसाचा एक नारळ जमला होता.

साईटवर सयाजीरावांनी मांडव घातला होता. मांडवात त्यांची नवी खुर्ची होती. वेताचा भरवसा उरला नव्हता म्हणून सागवानी, मागं दोन मोर कोरलेली. आजूबाजूचे फौंड्रीवाले फेटे बांधून आले होते. शांतव्वा परात घेऊन आत शिरली. फेट्यांनी वाट करून दिली. कुणीतरी चौरंग आणला. सयाजीरावांनी स्वतः पिनेला हळदकुंकू वाहिलं, मोठा हार घातला. मग रांग लागली. नारळ फुटले. आरती झाली. पिराजी डोळे मिटून इतका तल्लीन झाला, की टाळ्या थांबल्या तरी त्याच्या थांबेनात. पिन फुलांत दिसेनाशी झाली, फक्त मधनं समईच्या उजेडात तिचं टोक चमकत होतं.

“चला! दोन वाजाय आले,” सयाजीराव म्हणाले. “शिवपुत्र, चढ!”

शिवपुत्र चढला. अंगात नवा सदरा, कपाळाला भस्म. सीटवर बसला, तर आज सीटच तरंगल्यागत वाटली. जरा इकडं डुलली, जरा तिकडं. त्याला वाटलं, आनंदच असला पाहिजे. त्यानं मशीनचा हात खाली नेला, बटण दाबलं, जबड्यानं बकेटची दांडी धरली.

“उचल!” सयाजीराव ओरडले.

“थांबा!” पूर्णिमा मॅडम मांडवाच्या दारातनं ओरडल्या. “पिन कुठाय?”

सगळ्यांनी एका वेळी चौरंगाकडं बोट दाखवलं.

“तिथं काय करतेय ती?”

“पूजा घेत्या की,” पिराजी म्हणाला. “आशीर्वाद हाय तिचा. आता काय हुत न्हाय.”

“काका, आशीर्वाद भोकात जात नाही. पिन घाला.”

“ग्रीस लावून?” पिराजी दोन पावलं मागं सरला. “देवाला? माझ्यानं न्हाय हुयाचं. मी आताच पाया पडलोय तिच्या.”

फौंड्रीवाल्यांत कुजबुज झाली. एक म्हणाला, खरं आहे, हार घातलेल्याला काळं फासायचं म्हणजे. दुसरा म्हणाला, दोनाचा मुहूर्त टळतोय. सयाजीरावांनी घड्याळ बघितलं, मॅडमकडं बघितलं, आणि मग वर केबिनकडं बघितलं.

“शिवपुत्र! तुझं तू ठरीव. पण मुहूर्त चुकला तर मला चालायचा न्हाय, आन् बकेट पडली तर तुला.”

काचेआड सगळं पाण्याखालच्यासारखं गप्प होतं. माणसांची तोंडं नुसती हलत होती. समोर मशीनचा हात, हाताला बकेट, आणि बकेटच्या मागं ते रिकामं गोल भोक. भोकातनं पलीकडचं आभाळ दिसत होतं. एवढं एक काम होईल, शिवपुत्राच्या मनात आलं. एकदा उचलायची, हलकेच ठेवायची. जबडा आहे की. महिनाभर पूजा केली ती काय फुकट? मग त्या गोल निळ्या तुकड्यातनं त्याला आपला हात पिसासारखा खाली जाताना दिसला.

त्यानं इंजिन बंद केलं आणि खाली उतरला.

“शांते, पिन दे.”

शांतव्वा परातीपुढं उभी. “उत्तरपूजा व्हायची हाय.”

“आगं, विळीनं भाजी चिरतीस न्हवं? खुरप्यानं खुरपतीस न्हवं? त्यांस्नी देव म्हणून पाटावर बशीवलंस, ते कामाचे म्हणूनच की. ही बी कामाचीच हाय. हिचा देव्हारा त्यो तितं हाय.” त्यानं भोकाकडं हात केला. “हितं बसून हिला गंज चढंल, आन् मला रोलर.”

शांतव्वानं भोकाकडं बघितलं. मग नवऱ्याकडं. त्याच्या कपाळावरचं भस्म घामानं ओघळत होतं.

“लांब व्हा,” ती म्हणाली. “तुमास्नी न्हाई जमायचं. मी बशीवतो.”

तिनं हार काढले, पिनेला हात जोडले, आणि पिराजीच्या डब्यातनं तीन बोटांवर ग्रीस घेऊन, जसं रोज भस्म लावायची, तसेच तीन पट्टे ओढले. काळे, नीट, सारख्या अंतराचे. मग पदर खोचून ती जबड्यापाशी गेली आणि पिन भोकात घातली. खट्ट. मॅडमनी क्लिप हातात दिली, तिनं ती लावली आणि वर एक झेंडूचं फूल खोचलं. मॅडमनी फूल जरा बाजूला सारून क्लिप तपासली.

“आता सगळे दोरीच्या पलीकडे. मांडवातले पण. साहेब, तुम्ही पण.”

“मी माझ्याच मांडवातनं बाहेर?”

“खुर्चीपेक्षा लांब,” पिराजीनं आठवण करून दिली.

सयाजीराव मोरांकडे एकदा बघून उठले.

शिवपुत्रानं परत वर चढून इंजिन चालू केलं आणि बकेट जमिनीला टेकवली. दाबली. मागं ओढली. मशीन पुढनं जरा उचललं गेलं, बकेट नाही हलली. पुन्हा दाबली. मग त्यानं पहिली ओंजळ माती उचलली, इतकी अलगद, की मातीतलं गांडूळही जागं झालं नसेल. हात वर, वर, उसाच्या तुऱ्यांवर, फौंड्रीच्या चिमणीच्या बरोबरीला. बकेट आभाळात राहिली. टाळ्या वाजल्या. दूर कुणीतरी हलगी सुरू केली. शांतव्वानं पदराला ग्रीस पुसलं आणि डोळेही त्याच पदराला पुसले.

“पास,” मॅडम सयाजीरावांना म्हणाल्या.

सयाजीरावांनी दोरीपलीकडनं दोन्ही हात तोंडाशी धरले. “शिवपुत्र! मशीन तुझं रं! मरूस्तवर!”

शिवपुत्रानं ऐकलं. सोनं वाटावं तसं ऊन पसरलं होतं. बकेटच्या बाजूला दशमीचा चंद्र नुकताच वर आला होता, आणि दोघेही आपापल्या जागी घट्ट होते. रोलर, डांबर, मेंढरं, सगळं कुठंतरी खाली, फार लांब राहिलं होतं. त्याला एकदम आराम आठवला. त्याच्या आधीचं काहीतरी होतं, लाल रंगाचं, पण ते काय ते आठवेना. त्यानं सुस्कारा सोडला आणि सीटवर मागं रेलला.

सीटचे चारही नट त्या वेळी पिराजीच्या घरी, कुंकू लावून, पाटावर होते.

सीट मागं कलंडली. शिवपुत्राचे पाय वर गेले, डोकं मागच्या काचेला लागलं, आणि पडता पडता त्यानं हाताला आला तो दांडा धरला. मशीनचा हात उजवीकडे वळला आणि खाली यायला लागला. बकेट पडली नाही. पिन जागेवर होती, फूलसुद्धा. ऑपरेटर पडला होता. पण ऑपरेटर पडला तर काय करायचं, ते सयाजीरावांनी ठरवलेलं नव्हतं.

बकेट मांडवाचं कापड घेऊन आत गेली आणि खुर्चीवर टेकली. खुर्ची सागवानी होती. मोडली.